क्लाइडच्या गोदीतून रंगमंचावर : विनोदकार बिली कॉनोली

ब्रिटिश चित्रपट व दूरचित्रवाणी अकादमीची, म्हणजेच बाफ्टाची, फेलोशिप हा त्या संस्थेचा सर्वोच्च सन्मान मानला जातो. २०२२ मध्ये हा सन्मान स्कॉटलंडचे विनोदकार व अभिनेते सर बिली कॉनोली यांना देण्यात आला. भारतीय प्रेक्षकांनी त्यांना पडद्यावर पाहिलेले आहे. नाव मात्र अनेकांच्या लक्षात नसेल. ‘द लास्ट सामुराई’ (२००३) या चित्रपटात टॉम क्रूझ यांच्यासोबत जपानला जाणारा जुना सार्जंट, ‘ब्रेव्ह’ (२०१२) या ॲनिमेशनपटातील राजा फर्गसचा गडगडाटी आवाज आणि ‘द हॉबिट’ चित्रत्रयीच्या २०१४ मधील अखेरच्या भागातील डेन हा सरदार, या त्यांच्या काही परिचित भूमिका.

या भूमिकांवरून मात्र कॉनोली यांचे मोल कळणार नाही. स्कॉटलंडमध्ये त्यांना जे स्थान लाभले, ते एका वेगळ्या कारणामुळे. ग्लासगो शहरातील गोदी कामगारांची बोली आणि त्यांची थट्टा करण्याची रीत त्यांनी जशीच्या तशी ब्रिटनच्या रंगमंचावर व दूरचित्रवाणीवर आणली. ज्या बोलीत बोलल्यास शाळेत शिक्षक दटावीत, त्याच बोलीत त्यांनी देशाला हसविले. हे सहजासहजी घडले नाही आणि त्यासाठी त्यांना पुष्कळ रोषही पत्करावा लागला.

बालपण आणि गोदी

विल्यम कॉनोली यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९४२ रोजी ग्लासगोच्या अँडरस्टन या कामगार वस्तीत झाला. कुटुंब मूळचे आयरिश वंशाचे आणि कॅथलिक पंथाचे. दुसरे महायुद्ध सुरू होते आणि वडील हवाई दलाच्या सेवेत ब्रह्मदेशात होते. बिली सुमारे चार वर्षांचे असताना आई घर सोडून गेली. त्यांना व त्यांच्या बहिणीला वडिलांच्या दोन बहिणींनी पार्टिक या भागात वाढविले. हा सांभाळ मायेचा नव्हता. एका आत्याकडून सतत अपमान व मारहाण सहन करावी लागली. वडिलांकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराची हकीकत तर जगासमोर आली ती थेट २००१ मध्ये. त्या वर्षी त्यांच्या पत्नी पॅमेला स्टीव्हनसन यांनी लिहिलेले ‘बिली’ हे चरित्र प्रसिद्ध झाले. पॅमेला या स्वतः विनोदी अभिनेत्री होत्या आणि पुढे मानसशास्त्राचा अभ्यास करून त्या समुपदेशनाच्या व्यवसायात आल्या. प्रसिद्ध व्यक्तीने, त्यातही लोकांना हसविणाऱ्या माणसाने, अशी गोष्ट उघडपणे सांगावी, हे त्या काळी धक्कादायक होते. त्या पुस्तकाचा खप मोठा झाला आणि ब्रिटनमध्ये या विषयावर मोकळेपणाने बोलले जाऊ लागले.

पंधराव्या वर्षी शाळा सुटली. काही किरकोळ नोकऱ्यांनंतर कॉनोली हे लिंटहाउस येथील अलेक्झांडर स्टीफन यांच्या जहाजबांधणी गोदीत उमेदवार वेल्डर म्हणून दाखल झाले. क्लाइड नदीच्या काठावरील गोद्यांचे महत्त्व येथे ध्यानात घेतले पाहिजे. पहिल्या महायुद्धापूर्वी जगात बांधल्या जाणाऱ्या एकूण जहाजांपैकी सुमारे एक पंचमांश टनभार या एकाच नदीच्या काठी बांधला जात असे. कॉनोली कामावर रुजू झाले तेव्हा त्या वैभवाला उतरती कळा लागली होती. तरी हजारो कामगार अजून तेथे राबत होते. थंडी, लोखंड, ठिणग्या आणि जिवाचा धोका यांत दिवस काढायचा, तर जिभेची धार हवीच. ग्लासगोत या हजरजबाबी बोलण्याला ‘पॅटर’ म्हणतात. कोणी कितीही मोठा असो, त्याला दोन वाक्यांत जमिनीवर आणणे हा त्याचा गाभा. आपण विनोद शिकलो तो या गोदीतच, असे कॉनोली यांनी पुढे वारंवार सांगितले आहे. जे व्यवसायाने विनोद करीत नाहीत अशी माणसेच सर्वांत विनोदी असतात, हे त्यांचे आवडते मत.

गोदीत असतानाच त्यांना बँजो या वाद्याचा नाद लागला. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये लोकसंगीताच्या मैफलींची लाट आली होती. गिटारवादक टॅम हार्वी यांच्यासह त्यांनी ‘द हंबलबम्स’ हा वृंद स्थापन केला. १९६९ मध्ये गेरी रॅफर्टी त्यात आले. पुढे ‘बेकर स्ट्रीट’ या गीतामुळे १९७८ मध्ये जगभर गाजले ते हेच रॅफर्टी. वृंदात एक अडचण उभी राहिली. दोन गाण्यांच्या मध्ये कॉनोली प्रेक्षकांशी गप्पा मारीत आणि या गप्पा गाण्यांपेक्षा लांबत चालल्या. रॅफर्टी यांना गाणी हवी होती आणि प्रेक्षकांना गप्पा. १९७१ मध्ये दोघे वेगळे झाले, ते दोघांच्याही हिताचे ठरले.

रबरी बूट आणि शेवटचे भोजन

१९७१ च्या उन्हाळ्यात क्लाइडवरील गोद्यांच्या एकत्रित कंपनीचे दिवाळे निघाले आणि हजारो कामगारांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या. जिमी रीड यांच्यासारख्या कामगार नेत्यांनी संप पुकारण्याऐवजी उलट मार्ग धरला. कामगारांनी गोद्यांचा ताबा घेऊन काम चालूच ठेवले. हा लढा ब्रिटनमध्ये आजही आठवला जातो. सरकारला अखेर माघार घेऊन पैसा पुरवावा लागला. या घटनेवर बेतलेले ‘द ग्रेट नॉर्दर्न वेली बूट शो’ हे संगीत नाटक १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. कवी टॉम ब्यूकन व कॉनोली यांनी मिळून ते रचले. नाटकात गोदीऐवजी रबरी बूट बनविणारा कारखाना होता, एवढाच काय तो पडदा. नेपथ्य जॉन बर्न यांचे होते. हे नाव पुढे पुन्हा येईल.

या वेळेपर्यंत स्कॉटिश विनोदकार म्हणजे चौकड्यांचा किल्ट, हातात वाकडी काठी आणि कंजूषपणावरचे चुटके, असे समीकरण ठरून गेले होते. हॅरी लॉडर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते रूढ केले. १९१९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताबही मिळाला. हा स्कॉटलंड इंग्लंडच्या प्रेक्षकांना आवडेल असा सजविलेला होता. स्टॅनले बॅक्स्टर यांनी १९६० च्या दशकात ग्लासगोची बोली ही जणू परकी भाषा आहे असे मानून तिचे धडे देणारे विडंबन लोकप्रिय केले होते, आणि चिक मरे यांचा निर्विकार विनोद तर कॉनोली यांचा आदर्शच होता. तरीही लांब केस, दाढी, चित्रविचित्र कपडे आणि गोदीतील शिवराळ भाषा असा अवतार रंगमंचावर कोणी पाहिला नव्हता. केळ्याच्या आकाराचे पिवळे प्रचंड बूट हे त्या अवताराचे चिन्ह ठरले. १९७५ मध्ये एडमंड स्मिथ या कलावंताने ते बनविले. आज ते ग्लासगोच्या पीपल्स पॅलेस संग्रहालयाच्या संग्रहात आहेत.

वाद ओढवला तो एका धार्मिक प्रहसनामुळे. येशू ख्रिस्ताचे शेवटचे भोजन आणि क्रूसावरील मृत्यू हे प्रसंग ग्लासगोच्या गॅलोगेट भागातील एका मद्यालयात घडल्याचे कॉनोली सांगत. शिष्य आणि प्रभू सारेच गोदी कामगारांच्या बोलीत बोलत. कथाविषय ग्लासगोच्या दृष्टीने किती नाजूक होता, हे समजण्यासाठी त्या शहरातील कॅथलिक व प्रॉटेस्टंट दुहीची कल्पना हवी. कोणती शाळा, कोणता मोहल्ला, सेल्टिक की रेंजर्स हा फुटबॉल संघ, सारे काही पंथावरून ठरे. जॅक ग्लास या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने कॉनोली यांच्या कार्यक्रमांबाहेर वर्षानुवर्षे निदर्शने केली. कॅथलिक घरांतही नाराजी होतीच. प्रेक्षक मात्र दोन्हीकडून आले. आयुष्यात कदाचित प्रथमच ते एका सभागृहात शेजारी बसून एकाच गोष्टीला हसत होते. प्रस्तुत लेखकास त्या प्रहसनाचे महत्त्व धर्मावरील टीकेपेक्षा या बाबीत अधिक वाटते.

याच सुमारास, १९७५ मध्ये, पीटर मॅकडूगल यांच्या ‘जस्ट अनदर सॅटरडे’ या बीबीसीच्या नाटकात कॉनोली यांनी छोटी भूमिका केली. प्रॉटेस्टंटांच्या ऑरेंज मिरवणुकीभोवती फिरणारे हे नाटक त्या दुहीविषयी गंभीरपणे बोलते. अभिनेता म्हणून त्यांची ओळख येथून सुरू झाली.

एक मुलाखत

स्कॉटलंडबाहेर कॉनोली यांना कोणी फारसे ओळखत नव्हते. मायकेल पार्किन्सन हे त्या वेळी बीबीसीवरील सर्वांत प्रसिद्ध मुलाखतकार होते. ते ग्लासगोला गेले असता एका टॅक्सीचालकाने त्यांना कॉनोली यांची ध्वनिमुद्रिका ऐकण्याचा आग्रह केला. पार्किन्सन यांनी ती ऐकली आणि १९७५ मध्ये कॉनोली यांना आपल्या कार्यक्रमात बोलाविले.

तेथे कॉनोली यांनी एक किस्सा सांगितला. तो सांगू नये, अशी त्यांच्या व्यवस्थापकाने विनवणी केली होती. एक माणूस मित्राला सांगतो की आपण बायकोचा खून करून तिला परसात पुरले आहे. मित्र जाऊन पाहतो, तर देहाचा काही भाग जमिनीवर उघडाच. असे का, या प्रश्नावर उत्तर येते की सायकल उभी करायला जागा हवी ना! कागदावर हा विनोद क्रूर वाटतो आणि आजचा वाचक कपाळाला आठ्या घालील, तर त्यात नवल नाही. परंतु त्या रात्री प्रेक्षक हसले ते किस्स्याला कमी आणि सांगण्याच्या तऱ्हेला अधिक. सुटाबुटातील यजमानासमोर एक माजी वेल्डर आपल्या उच्चारांत काडीचाही बदल न करता, कोणाची परवानगी न मागता बोलत होता. दुसऱ्या दिवशी सारा देश त्याला ओळखू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे एक विडंबनगीत ब्रिटनच्या विक्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

कॉनोली यांच्या कार्यक्रमाची घडणही नवी होती. लिहून आणलेली संहिता नसे. एखादी गोष्ट सुरू होई, मध्येच दुसरी आठवे, तीतून तिसरी फुटे आणि अर्ध्या तासाने, प्रेक्षक मूळ गोष्ट विसरलेले असताना, ते अचूक त्याच वाक्यावर परत येत. चुटका आणि त्याचा ठरलेला शेवट यांवर ब्रिटिश विनोद आजवर उभा होता. कॉनोली यांनी चुटक्याऐवजी आठवण आणली; थंड घर, एकाच पलंगावर झोपणारी भावंडे, शाळेतील मार, दारू. ब्रिटनमधील नंतरच्या पिढीतील अनेक विनोदकार त्यांचे ऋण मान्य करतात.

दारू हा केवळ विनोदाचा विषय नव्हता. प्रसिद्धीबरोबर व्यसन वाढत गेले आणि पहिला विवाह १९८५ मध्ये संपुष्टात आला. त्याच सुमारास त्यांनी मद्य सोडले, ते कायमचे. पॅमेला यांच्याशी त्यांचा विवाह १९८९ मध्ये फिजी बेटांवर झाला. अमेरिकेत त्यांनी ‘हेड ऑफ द क्लास’ या मालिकेत शिक्षकाची भूमिका केली. तीतून निघालेली स्वतंत्र मालिका १९९२ मध्ये अल्पावधीत बंद पडली. तेथील दूरचित्रवाणीच्या चौकटीत त्यांचे स्वैर बोलणे मावण्यासारखे नव्हते. त्याउलट १९९४ मध्ये बीबीसीसाठी त्यांनी केलेली ‘वर्ल्ड टूर ऑफ स्कॉटलंड’ ही मालिका अतिशय गाजली. आपल्याच छोट्या देशाच्या गावोगाव फिरण्याला जगप्रवास म्हणणे, या नावातच त्यांची वृत्ती दिसते.

राणीचा सेवक

विनोदकाराला गंभीर भूमिका देताना निर्माते बिचकतात. १९९७ च्या ‘मिसेस ब्राउन’ने ही शंका दूर केली. पती अल्बर्ट यांच्या निधनानंतर शोकात बुडालेल्या राणी व्हिक्टोरिया यांना पुन्हा जगाकडे वळविणारा जॉन ब्राउन हा बालमोरल येथील डोंगराळ भागातील सेवक कॉनोली यांनी साकारला. राणीच्या भूमिकेत जुडी डेंच होत्या. सेवक राणीला घोड्यावर बसण्याचा हुकूम सोडतो आणि दरबारी हबकून पाहत राहतात. गोदीतील तोच निर्भीड स्वभाव येथे विनोदाविना प्रकट झाला. कॉनोली यांना बाफ्टाचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे नामांकन मिळाले. बीबीसीने दूरचित्रवाणीसाठी बनविलेला हा चित्रपट चित्रपटगृहांत पोहोचला तो त्याच्या यशाच्या खात्रीमुळेच. भारतीय वाचकांसाठी एक नोंद : जॉन ब्राउन यांच्या मृत्यूनंतर राणीच्या विश्वासातील स्थान पुढे अब्दुल करीम या भारतीय सेवकाकडे गेले आणि त्यावरील ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’ (२०१७) या चित्रपटातही राणी साकारली ती जुडी डेंच यांनीच.

कॉनोली यांचा स्वतःचा भारताशी असलेला धागा २०१४ मध्ये उलगडला. वंशावळीचा शोध घेणाऱ्या बीबीसीच्या मालिकेसाठी ते भारतात आले. आपल्या आईच्या बाजूचे पूर्वज ब्रिटिश फौजेत होते, त्यांपैकी एक १८५७ मध्ये लखनौच्या वेढ्यात लढला आणि त्या कुटुंबाचा बंगळूरशी संबंध होता, हे त्यांना तेथे समजले. स्वतःला पूर्णपणे ग्लासगोचा आणि आयर्लंडचा समजणाऱ्या माणसाला हा इतिहास अनपेक्षित होता.

आपल्यांचा रोष

स्कॉटलंडमधील वृत्तपत्रे मात्र दीर्घकाळ कॉनोली यांच्यावर रुष्ट राहिली. गोदीतील पोरगा राजघराण्याशी मैत्री करतो, अमेरिकेत राहतो, १९९८ मध्ये ॲबर्डीनशायरमध्ये कँडाक्रेग हा वाडा विकत घेतो, मग तो आपला कसा? हा आरोप पूर्णपणे निराधार म्हणता येणार नाही. ज्यांच्या जगण्यातून विनोद उचलला त्यांच्यापासून ते खरोखरच दूर गेले होते. पण गरिबीची गोष्ट सांगणाऱ्याने गरीबच राहावे, ही अपेक्षाही न्यायाची नव्हे.

राजकारणात त्यांची मते कोणाच्याच सोयीची नव्हती. कामगार चळवळीत वाढलेले कॉनोली राष्ट्रवादाकडे संशयाने पाहत. ग्लासगोच्या वेल्डरचे लिव्हरपूलच्या वेल्डरशी जे नाते आहे ते स्कॉटिश जमीनदाराशी नाही, ही त्यांची धारणा. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश संसदेची त्यांनी जाहीर टिंगल केली. २०१४ च्या स्वातंत्र्यविषयक सार्वमतात त्यांनी कोणत्याही बाजूने प्रचार केला नाही. २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिल्यानंतर मात्र त्यांचा स्वातंत्र्याविषयीचा सूर बराच मवाळ झाला.

२००४ मधील प्रसंग सर्वांत अप्रिय. इराकमध्ये अपहरण झालेल्या एका ब्रिटिश अभियंत्याविषयी त्यांनी लंडनच्या रंगमंचावर थट्टा केल्याचे वृत्त आले. थोड्याच दिवसांत त्या ओलिसाची हत्या झाली. कॉनोली यांच्यावर टीकेची झोड उठली. आपले शब्द चुकीचे उद्धृत केले गेले, असे ते म्हणाले. परंतु नेमके काय बोललो ते सांगण्यास त्यांनी नकार दिला. सारे काही विनोदाच्या कक्षेत येते, या त्यांच्या भूमिकेची मर्यादा त्या रात्री उघडी पडली, असे म्हणणे भाग आहे.

सन्मानही येत राहिले. २००३ मध्ये सीबीई, २०१० मध्ये ग्लासगोचे मानद नागरिकत्व आणि २०१७ मध्ये मनोरंजन व धर्मादाय कार्यासाठी ‘सर’ हा किताब. त्याच वर्षी त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त बीबीसी स्कॉटलंडने तीन चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढून घेतली आणि ती ग्लासगोतील इमारतींच्या भिंतींवर भव्य आकारात रंगविण्यात आली. त्या तिघांपैकी एक होते रबरी बुटांच्या नाटकाचे नेपथ्यकार जॉन बर्न.

आजार

२०१३ मध्ये कॉनोली यांच्यावर पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वेळी पार्किन्सन आजाराचे निदान झाल्याचे जाहीर करण्यात आले. लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात एका अनोळखी डॉक्टरने त्यांची चाल पाहून शंका बोलून दाखविली होती. मेंदूतील डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी या आजारात नष्ट होत जातात. हालचाली मंदावतात, हात थरथरतात, चेहरा ताठर होतो, आवाज क्षीण होतो. ज्याचे सारे भांडवल चेहरा, हातवारे आणि आवाज हेच, त्याला नेमका हा आजार व्हावा! ज्या मुलाखतकाराने आपल्याला नाव दिले त्याचेच आडनाव या आजाराला आहे, हा योगायोगही त्यांनी विनोदासाठी वापरला.

निदानानंतरही त्यांनी ‘हाय हॉर्स’ हा दौरा केला. आपल्या थरथरत्या हाताची ओळख ते प्रेक्षकांना आधीच करून देत, म्हणजे लोक त्याकडे चोरून पाहणार नाहीत. २०१८ मध्ये त्यांनी रंगमंचावरून निवृत्ती पत्करली. त्याच वर्षी मायकेल पार्किन्सन यांनी, आपला मित्र आता आपल्याला नीट ओळखत नसावा, अशा अर्थाचे विधान केले तेव्हा पॅमेला यांनी त्याचा तीव्र प्रतिवाद केला. त्यानंतर कॉनोली यांची ‘विंडस्वेप्ट अँड इंटरेस्टिंग’ (२०२१) आणि ‘रॅम्बलिंग मॅन’ (२०२३) ही आत्मकथनपर पुस्तके प्रसिद्ध झाली. पार्किन्सन यांचे २०२३ मध्ये निधन झाले.

कॉनोली आता अमेरिकेतील फ्लोरिडामध्ये राहतात. बँजो वाजविणे थांबले आहे. मात्र २००७ मध्ये कॅनडातील माँट्रियल शहरात पावसामुळे एका दुकानात शिरून घेतलेल्या रंगीत पेनांनी जो चित्रांचा छंद लागला, तो टिकला आहे. त्यांच्या १९७५ मधील डब्लिन व बेलफास्ट दौऱ्यावरील ‘बिग बनाना फीट’ हा अनुबोधपट ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने दुरुस्त करून २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित केला. बॉम्बस्फोटांच्या त्या काळात फार थोडे ब्रिटिश कलावंत बेलफास्टला जात. चित्रपटात कॉनोली तेथील रंगमंचावर उभे आहेत, पायांत पिवळे बूट आहेत आणि सभागृह भरलेले आहे.